धोट्याची एकशे साठ घरं

"आणि परवा भर स्टेजवर त्यानं पेन लावलं तर, वस्ताद?"

हुपरीच्या त्या लहानशा खोलीत सकाळचं ऊन आलं होतं, आणि उन्हात बसून खडे बसवणारे पारिसा वस्ताद लाखेवर चिकटवलेला चांदीचा धोटा फिरवून फिरवून बघत होते. मागावर सूत घेऊन इकडून तिकडे पळतो तोच धोटा, फक्त बोटभर लांबीचा आणि गळ्यात घालायचा. अंगभर बारीक भोकं पाडलेली. खड्यांची घरं म्हणतात त्यांना. मोजून एकशे साठ.

विचारणारा होता अवधूत म्हेत्रे, इचलकरंजीचा. आजा हातमागावर, बाप यंत्रमागावर, आणि हे चिरंजीव रॅप करतात. नावसुद्धा घेतलंय एमसी धोटा. पोरगं गुणी, त्यात वाद नाही. मागाच्या खटखटीवर असं काही बोलतं की कारखान्यातली माणसं डबा खायचं विसरतात. पण डोक्यात थोडी हवा. रॅपआधी दोन वर्षं ते याच खोलीत खडे बसवायला शिकत होतं, आणि हिरा आपण लांबून ओळखतो असं चारचौघांत सांगत फिरायचं.

रविवारी त्याचा पहिला मोठा कार्यक्रम. समोर कोल्हापूरचा एमसी वादळ. या वादळानं व्हिडिओ टाकून जाहीर केलं होतं, की धोट्याच्या गळ्यात जे लटकेल त्याला मी सगळ्यांदेखत पेन लावणार. हे पेन म्हणजे हिरा तपासायचं छोटं यंत्र. टोक टेकवलं की हिऱ्याला पीं करतं, काचेला गप्प बसतं. रॅपवाल्यांत आता ही रीतच पडलीय. गळ्यातलं खोटं निघालं की गाणंही खोटं, विषय संपला.

म्हणून अवधूतनं ठरवून टाकलं होतं, घालीन तर हिरा. त्यासाठी माइक, स्पीकर, रेकॉर्डिंगचं होतं नव्हतं ते सामान पोत्यात बांधून मोपेडवर लादून आणलं होतं. इथून तडक कोल्हापूरला जाऊन विकायचं. गिऱ्हाईक तयार होतं.

"किती हिरे येतील त्यात?" वस्तादांनी विचारलं.

"अकरा."

"आन् बाकीची घरं?"

"राहतील मोकळी."

"बरं. सोमवारी गाणार कशावर?"

रविवारच्या पुढचा वार अवधूतच्या डोक्यात आलाच नव्हता.

वस्ताद उठले. फडताळातून त्यांनी काकूंच्या अंगठीतला निखळलेला हिरा काढला. चार वर्षं पडून होता बिचारा. जगाचे खडे बसवणाऱ्याच्या घरी बायकोच्या अंगठीला कुठला मुहूर्त? मग एका डबीतून तेवढ्याच मापाचा दुसरा खडा घेतला. दोन काड्यांच्या टोकांना लाख लावली आणि पाठ वळवून त्यावर एकेक खडा चिकटवला. अवधूतला उंबऱ्यात उभं केलं आणि स्वतः निघाले.

सत्तरीचा माणूस, धोतराचा सोगा हातात धरून गल्लीच्या पार टोकाला, बस्तीच्या, म्हणजे जैन मंदिराच्या, पायरीपर्यंत चालत गेला. तिथं उन्हात उभं राहून त्यानं दोन्ही काड्या वर धरल्या आणि जत्रेतल्या पोरासारख्या गरागरा फिरवायला लागला. दूध घालणारा गडी सायकल थांबवून बघायला लागला.

डाव्या हातात पांढरं लुकलुकत होतं. छान होतं, नाही असं नाही. पण उजव्या हातात! तांबडा, हिरवा, निळा, पुन्हा तांबडा, नुसता जाळ उठला होता. इतक्या लांबून अवधूतच्या डोळ्यांत भरला. त्याला राहवेचना. गल्लीभर ऐकू जाईल असा तो ओरडला, की उजवा, उजवाच हिरा, डोळे झाकून सांगतो.

वस्ताद धापा टाकत परत आले. काड्या त्याच्या हातात दिल्या.

"डाव्या हातात तुझ्या काकूचा हिरा हुता."

"आणि हा?"

"मॉइसनाइट."

अवधूतचा चेहरा पडला. दोन वर्षांची ऐट एका मिनिटात गेली. पण गडी चिवट. खिशातून स्वतःचं पेन काढलं. खात्री करायला मुद्दाम विकत घेतलं होतं. काकूंच्या हिऱ्याला टेकवलं. पीं. मॉइसनाइटला टेकवलं.

पीं.

पुन्हा टेकवलं. पुन्हा पीं.

वस्तादांनी मग सगळं नीट सांगितलं. हे पेन फक्त ऊब कशी पळते ते बघतं, आणि हा खडा हिऱ्यासारखीच ऊब पळवतो, म्हणून ते फसतं. भिंगातून तिरपं बघितलं तर याच्या आतल्या कडा दुहेरी दिसतात, ती याची खूण. आकाशातून पडलेल्या एका दगडात याचे कण पहिल्यांदा सापडले, आता कारखान्यात भट्टीत करतात, म्हणून हिऱ्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडतो. रंग हिऱ्यापेक्षा जास्त फेकतो, तो त्याचा स्वभाव. कुणाची नक्कल नव्हे.

अवधूतनं यातलं निम्मंच ऐकलं. तो आनंदानं वेडा झाला होता. एकशे साठच्या एकशे साठ घरं भरणार होती, सामान विकायला लागणार नव्हतं, सगळा धोटा पेटून उठणार होता. खोलीत जागा नव्हती तरी तो येरझारा घालत होता, हातवारे करत होता.

"वादळाचंच पेन वाजणार, वस्ताद. त्याच्याच हातात. सगळ्यांना हिराच वाटणार, आणि मी गालात हसणार."

वस्तादांनी डबी बंद केली. धोटा बाजूला ठेवला.

"ह्ये काम हुयाचं न्हाई."

"...का?"

"मगापतूर ह्यो खडा खरा हुता. आत्ता तू त्येला खोटा केलास."

अवधूत तडकला. मी काय केलं, पेनच हिरा म्हणतंय, असं बरंच बोलला. वस्ताद शांतपणे म्हणाले, की पेनाला कळत नाही, तुला कळतं. घाई असेल तर पलीकडच्या घरात जा, संध्याकाळपर्यंत बसवून देतील, हातही चांगला आहे. एवढं बोलून ते तपकिरीची डबी शोधायला लागले. त्यांना राग आलेला नव्हता, याचाच अवधूतला जास्त राग आला.

तो तरातरा बाहेर गेला. मोपेडला किल्ली लावली. पलीकडचं घर दहा पावलांवर, आणि कोल्हापूरचा रस्ता समोर. कुणीही अडवत नव्हतं.

शेजारच्या कारखान्यात चांदीची तार ओढायचं यंत्र सुरू झालं. खटक खटक, खटक खटक. अवधूतचा पाय आपोआप ठेका धरायला लागला. किल्ली तशीच राहिली. ओठ हलायला लागले. डोळे मिटले, उघडले, आणि छातीत काहीतरी असं उसळलं की पोरगं पळतच उंबऱ्यात परत आलं. धाप लागली होती, तरी म्हणालाच:

"पेन खिशात ठेव, गड्या, मीच सांगतो नाव,
हिरा न्हाई, मॉइसनाइट, कारखाना त्याचं गाव.
मीबी तिथंच वाढलो, मागाखाली निजून,
नाव लपवून चमकू कशाला, उगं लाजून लाजून?"

वस्ताद ऐकत होते. तपकिरीची चिमूट बोटांतच राहिली होती.

"परवा ह्येच म्हणणार?"

"सगळ्यात आधी हेच म्हणणार. त्यानं पेन काढायच्या आधी."

वस्तादांनी डबी उघडली. भिंग डोळ्याला लावलं, पहिला खडा उचलला आणि घरात बसवला. मग दुसरा चिमटा काढून समोर ठेवला आणि सरकून जागा केली. दोन दिवसांत एकशे साठ, एका जोडी हातांचं काम नव्हतं ते.

अवधूत मांडी घालून बसला. बोटं सुरुवातीला अडखळली, मग चालायला लागली. प्रत्येक खडा बसला की धोटा जरासा फिरवून बघायचा आणि स्वतःशीच खूश व्हायचा. उद्याचा दिवस कधी संपतो आणि रविवार कधी उजाडतो असं त्याला झालं होतं. दुपारपर्यंत चाळीस घरं भरली.

एकेचाळिसाव्या खड्याला त्याचा हात थांबला.

"वस्ताद... मी आपणहून सांगितलं, आणि सगळे हसले तर?"

वस्तादांनी धोट्यावर फुंकर मारली.

"मग तूबी हास. छाती हालल्याबिगर खडा पेटत न्हाई."