चिंचोळ्याचं दार

रेडिओच्या पोटात काचेचे दिवे जळायचे, त्या काळातली गोष्ट. मालवणात हौसेने वायरलेस चालवणाऱ्या इंदुमतीबाईंच्या सेटमध्ये आवाज गाळणारे दोन फिल्टर शेजारी राहायचे. रुंद्या येईल त्याला आत घ्यायचा. चिंचोळ्याला डायलवरच्या ठरल्या जागेचा एकच आवाज चालायचा, बाकी सगळे दाराबाहेर.

दर रविवारी सकाळी दहाला पणजीचे दुमिंगकाका मोर्सच्या टिकटिकीत बाईंना हाक मारायचे. त्या रविवारी साडेदहा झाले तरी काहीच नाही. बाईंचा चहा निवला.

"दुमिंगला बरं नसेल का?" त्या पुटपुटल्या.

चिंचोळ्या ऐटीत म्हणाला, "बघ, कशी शांतता ठेवलीय मी."

"शांततेचं काय घेऊन बसलास? काका कुठायत?" रुंद्या म्हणाला.

तेवढ्यात बाईंनी बटण फिरवून रुंद्याला कामाला लावलं. खरखर, शिट्ट्या, दहा जणांची बडबड आत घुसली, आणि त्या गर्दीत एका कडेला ओळखीची टिकटिक. काकांचा जुना सेट तापल्याने त्यांचा आवाज डायलवरच्या ठरल्या जागेवरून जरा सरकला होता. बिचारे अर्धा तास दारातच उभे होते.

बाईंनी डायलचा काटा तिकडे नेला आणि मग चिंचोळ्याला लावलं. गर्दी गेली, काका स्पष्ट ऐकू आले.

तेव्हापासून दार लावण्याआधी चिंचोळ्या हळूच विचारायचा, "रुंद्या, आपलं कुणी बाहेर राहिलं नाही ना?"