झाकण जागेवर आहे

त्या रानात पेवात काय गेलं हे सगळ्यांना ठाऊक असे. पेवात काय आहे हे कुणालाच ठाऊक नसे. ही गोष्ट इतकी जुनी झाली होती, की तिच्यात काही वावगं आहे असं कुणाच्या मनातही येत नसे.

रान कोरडं होतं. पाऊस सरला की गवताला दाणा धरायचा, तेवढे दिवस सुखाचे, आणि पुढे उन्हाळा लागला की नुसते दगड. म्हणून कुणा शहाण्या पूर्वजानं टेकाडाच्या पोटात एक पेव खणून ठेवलं होतं. वर तोंड लहान, आत पोट मोठं, तोंडावर दगडाचं झाकण. सुगीत ज्यानं त्यानं आपल्या चोचीतला, गालातला दाणा आणून त्यात टाकायचा, आणि उन्हाळ्यात पेव उघडलं की ज्याला त्याला वाटा मिळायचा. टाकताना कुणी कुचराई करत नसे. ससे टाकत, होले टाकत, खारी टाकत, साळिंदरंसुद्धा टाकत, ज्यांना दाण्याची फारशी गोडी नव्हती.

गेल्या उन्हाळ्यात पेव उघडलं, तेव्हा वाट्याला चिमूट चिमूट फोलपट आलं. सगळ्यांनी आभाळाकडे पाहिलं, नशिबाला बोल लावला आणि घर गाठलं. ठकू नावाची एक तित्तरीण होती, तिची पिल्लं त्या उन्हाळ्यात एकामागून एक गेली. तिनं आभाळाकडे पाहिलं नाही. ती बराच वेळ पेवाच्या तोंडाकडे बघत उभी राहिली.

यंदा तिच्या पंखाखाली पुन्हा पिल्लं होती, आणि तिच्यापुढे एकच प्रश्न होता. माळाच्या पल्याड एक उतार होता. तिथं पवन्याचं गवत दाट, उन्हाळाभर वेचून खाता येईल असं. पण मधला माळ उघडा आणि त्याच्यावर शिकरा घिरट्या घालणारा. माळावरचं गवत उभं आहे तोवर त्याच्या आडून पिल्लं नेता आली असती. एकदा ते वाळून आडवं झालं, की शिकऱ्याला पान वाढल्यासारखंच. तेव्हा पेवात दाणा असेल तर इथंच राहावं, नसेल तर आत्ताच निघावं. एवढं कळलं की झालं. आता एवढ्यासाठी एका आईनं किती दारं हिंडावीत?

पेव सांभाळायला अनसाक्का नावाची घूस होती. हे काम तिच्याकडे सासूकडून आलेलं, सासूकडे तिच्या सासूकडून. अंगानं भरलेली, बोलायला गोड. यंदाच तिनं आपल्या बिळाचं तोंड रुंद करून घेतलं होतं, कारण जाता-येता अंग घासायला लागलं होतं.

"अनसाक्का, पेवात यंदा किती आहे गं?" ठकूनं विचारलं.

"भरपूर आहे की."

"भरपूर म्हणजे किती?"

"भरपूर म्हणजे भरपूर! तुझ्या सासूनं कधी विचारलं नाही, तिच्या सासूनं विचारलं नाही. तूच एक चौकशीवाली निघालीस."

"मग झाकण सरकव जरा. मी नुसती डोकावते."

"अगं बया! डोकावते म्हणे. अवेळी उघडलेल्या पेवाची वाफ लागली, तर जागच्या जागी पाय वर करशील. मग तुझी पोरं कोण सांभाळणार, मी?"

वाफेचं खोटं नव्हतं. कोंदलेल्या पेवात उतरलेला वर येत नाही, हे रानाला माहीत होतं. पण ही वाफ सगळ्यांना लागते आणि अनसाक्काला तेवढी लागत नाही, हे कसं काय, एवढं मात्र आजवर कुणी विचारलं नव्हतं.

ठकू तिथून निघाली ती बयोकडे गेली. बयो ही साळुंकी, ठकूच्याच बाभळीवर जन्मलेली. ती मोजणारी होती.

मोजणाऱ्या रानात नव्हत्या असं कुणी म्हणू नये. चांगला थवाच्या थवा होता. झालं असं होतं, की रानातल्या वडीलधाऱ्यांनी फार पूर्वी दूरच्या तळ्याकाठच्या करकोच्यांना निरोप धाडला होता: आमच्याकडे दाणा येतो नि कुठं जातो ते कळत नाही, आम्हांला मोजायला शिकवा. करकोचे वाईट नव्हते. तेच तर अवघड होतं. वाईट असते तर त्यांच्यावर रागावता तरी आलं असतं. ते आले, उंच पायांवर उभे राहिले आणि त्यांनी मनापासून शिकवलं. शिकवलं ते मासे मोजायला. तळ्याकाठी मोजायचे ते मासेच, दुसरं काय शिकवणार? ओला मासा कसा धरावा, सुका कसा, अर्धा खाल्लेला कुणाच्या नावावर घालावा, पोटात अंडी असलेली मासळी एक मानावी की पुष्कळ. साळुंक्यांनी जन्मात मासा पाहिला नव्हता. त्यांनी सगळं पाठ केलं. साळुंकीला पाठांतर जड नसतं. जिनं चांगलं म्हणून दाखवलं, तिच्या पायात करकोच्यांनी लव्हाळ्याचं कडं घातलं, आणि रानानं नव्या कडेवाल्यांची वरात काढली.

"एकदा मासा तरी दाखवा म्हणावं," एक म्हातारं साळिंदर त्या वरातीत पुटपुटलं होतं. शेजारच्या सशानं त्याला गप्प बसवलं. पाहुण्यांसमोर असं बोलतात का?

ठकू पोचली तेव्हा बयो दाण्याच्या राशीत गळ्यापर्यंत बुडालेली होती. तळ्याकडून दरसाल दान येई, त्याची ही रास. दान देणारे तिघे: करकोचे, बदकं आणि हंस. करकोच्यांना आपला वाटा गोगलगायीच्या शंखानं मोजून हवा असे, बदकांना शिंपल्यानं, हंसांना कमळाच्या बोंडानं. दाणा एकाच राशीतला, पण तो तिन्ही मापांनी मोजायचा, आणि तिन्ही मोजण्या एकमेकींशी जुळवायच्या. जुळत नसत. कशा जुळतील? म्हणून रानातल्या सगळ्याच्या सगळ्या साळुंक्या तिथंच गुंतलेल्या.

"बयो, जरा पेवाकडे चल. आत किती आहे ते मोजून सांग."

"मावशी, मला मान वर करायला सवड नाही गं. शिंपल्याचं नि बोंडाचं पटेना झालंय."

"हे तर आलेलं सगळ्यांना दिसतंय. जे दिसत नाही ते मोज की!"

"पेव मोजायला सांगितलंय कुणी?"

"मी सांगतेय."

बयो घुटमळली. "राग मानू नको मावशी. पण मोजणी जो देतो तो मागतो. तू कुठं देणारी आहेस?"

ठकूच्या मानेवरची पिसं उभी राहिली. "मी देणारी नाही? सुगीत पोरांच्या तोंडासमोरचा दाणा उचलून त्या दगडाखाली कुणी टाकला, हंसांनी? तुझ्या आईनं टाकला नाही? चोच झिजली तिची टाकून टाकून, आणि तू मला विचारतेस देणारी कोण म्हणून!"

बयोनं शंख खाली ठेवला. ती वाईट पोर नव्हती. आईचं नाव निघाल्यावर तिला गप्प बसवेना. "उद्या जाऊन येते," ती म्हणाली, आणि खरंच गेली.

ठकू दिवसभर बाभळीखाली वाट पाहत बसली. पिल्लं भोवती माती उकरत होती. माळाकडे बघितलं की गवताचे शेंडे पिवळे पडलेले दिसत होते.

बयो संध्याकाळी परतली ती जड पंखांनी. तिच्या चोचीला नव्या दाण्याचं पीठ लागलेलं होतं.

"मोजलंस?"

"बघितलं मावशी. झाकण जागेवर आहे."

"आणि आत?"

"झाकणाला फट नाही. कडेनं माती नीट सारवलेली आहे. सगळं रीतीप्रमाणे आहे."

"अगं, झाकण मलाही दिसतं! आंधळ्या चिचुंद्रीलासुद्धा ठेच लागून कळतं झाकण आहे म्हणून. त्याला पायात कडं कशाला लागतं? आत काय आहे?"

बयो पायातल्या कड्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "तिनं मला जेवू घातलं गं. मी नको म्हणत होते. पण जेवल्या घरी झाकण उचल म्हणायचं कसं?"

ही रीतसुद्धा रानानंच पाडलेली होती. पेव बघायला येईल त्याला जेवू कुणी घालायचं, असा प्रश्न पूर्वी निघाला, तेव्हा सगळ्यांनी विचार केला, की आपला दाणा उगाच खर्चायला नको. ज्याचं पेव बघायचं तो घालील जेवू. आपण केवढी बचत केली म्हणून मंडळी तेव्हा खूश झाली होती.

"बरं, जेवलीस ते जेवलीस," ठकू दमून म्हणाली. "एवढं सांग, तिनं वाढलं ते कुठून आणलं?"

"ते नाही विचारलं," बयो म्हणाली, आणि डोकं पंखात घालून बसली.

ठकूला निघायचं होतं. पण निघायचं तर शिकऱ्याच्या डोळ्यांखालून, कोवळी पोरं घेऊन, आणि तेही पेव कदाचित भरलेलं असताना. तशात एखादं पिल्लू गेलं असतं तर तिनं स्वतःला काय सांगितलं असतं? शिवाय तळ्याकडचं दान आता पेवात पडणार होतं. पेव भरत आलं तर डोळ्यांनीच दिसेल, मग कुणाला विचारायला नको. एवढ्या आशेवर ती थांबली.

आणि मोजणी संपेना. शंखानं बरोबर आलं की शिंपल्यानं कमी येई. शिंपल्याचं जुळवलं की हंसांचा निरोप येई, बोंड ओलं होतं की सुकं ते कळवा. पुन्हा रास मोडायची, पुन्हा रचायची. ठकू रोज सकाळी टेकाडावर चढून माळ बघायची. गवत आधी पिवळं झालं, मग पांढरं. वारा आला की कडकड वाजायचं. दाण्याची केवढी तरी रास रानाच्या मधोमध पडलेली, आणि भोवतीनं भुकेली जनावरं पाय न वाजवता चालत होती, का, तर मोजणाऱ्यांचं चुकेल. एक होला न राहवून म्हणाला, "अर्धी आम्हांला वाटा, उरलेली मोजा." त्याला साळुंक्यांनी मासे मोजण्याचा एक मोठा नियम म्हणून दाखवला. त्याला तो कळला नाही. साळुंक्यांनाही कळलेला होता असं नाही.

शेवटी तिन्ही मापं जुळली. दान पेवात घालायचा दिवस ठरला. तळ्याकडून थोरला करकोचा स्वतः आला आणि एका पायावर उभा राहिला. अनसाक्कानं वाफ लागेल म्हणून सगळ्यांना मागं सारलं, आणि झाकण बाजूला केलं. साळुंक्या रांगेनं दाणा ओतू लागल्या.

ठकू पिल्लांना घेऊन जमेल तेवढी पुढे सरकली होती. तिला वाटत होतं, निम्मी रास जाईतो तोंडाशी दाणा दिसेल. निम्मी रास गेली. काळोख होता तसाच राहिला. उरलेली निम्मीही गेली. ओतणाऱ्या दमल्या, पेव दमलं नाही.

करकोच्याचे डोळे आनंदानं पाणावले. "पाहा," तो म्हणाला, "किती सामावून घेतंय! गेल्या खेपेपेक्षा जास्त. अशी सामावून घेण्याची ताकद आम्ही कुठंच पाहिली नाही. पुढच्या वर्षी आम्ही दुप्पट देऊ. आणि मोजणाऱ्या थोड्या पडतात असं आमच्या कानावर आलंय, तर आणखी एक शाळा काढू. तिथं खोल पाण्यातले मासेसुद्धा शिकवू."

अनसाक्कानं मान लवून आभार मानले. रानानं पंख फडफडवले, शेपट्या आपटल्या. म्हातारं साळिंदर तेवढं काटे फुलवून बसून राहिलं. त्याला आता पुटपुटायचाही कंटाळा आला होता.

ठकूचं सगळ्यांत धाकटं पिल्लू एका दगडाआड गेलं होतं. ओतताना एक दाणा तिथं उडाला होता. पिल्लानं तो चोचीत धरला, आणि तेवढ्यात बयो उड्या मारत आली.

"मावशी, तो दाणा दे. मोजणीतला आहे."

"बयो, भुकेलं आहे गं ते."

"मला कळतंय. पण तिन्ही मापं आत्ता कुठं जुळलीत. एका दाण्यानं फरक पडला तर पुन्हा सगळं पहिल्यापासून." तिचा आवाज रडवेला झाला होता. "दे ना मावशी. मी तुझ्या पाया पडते."

बयोनं पिल्लाच्या चोचीतून दाणा काढून घेतला. पिल्लू चोच उघडी ठेवून तिच्याकडे बघत राहिलं. बयो पेवाच्या काठावर गेली, आणि सगळ्यांना दिसेल असा तिनं तो शेवटचा दाणा आत सोडला.

मोजणी पुरी झाल्याचं आता पुकारायचं होतं, म्हणून सगळं रान गप्प झालं. करकोच्यानं मान खाली घातली. ठकूनं मान तिरकी केली आणि कान पेवाकडे लावला. दाण्यावर दाणा पडला तर कसं वाजतं ते तिला ठाऊक होतं. मातीवर पडला तर कसं, दगडावर कसं, तेही ठाऊक होतं. ती थांबली. आणखी थांबली.

मग तिनं पिल्लांना हाक दिली, धाकट्याला चोचीनं पुढे ढकललं, आणि ती माळाच्या दिशेनं निघाली. गवत बहुतेक आडवं झालं होतं. कुठं कुठं चार काड्या उभ्या होत्या, त्यांच्या आडोशानं ती एकेका पिल्लाला पुढे काढू लागली. वर शिकऱ्यानं एक घिरटी घेतली.

मागून सगळ्या साळुंक्यांनी एका सुरात "बरोबर!" असं पुकारलेलं तिला ऐकू आलं. दाणा तळाला टेकल्याचं अजून ऐकू आलं नव्हतं.