चौथ्या संगणकावरची धूळ

एका तालुक्याच्या गावी एकदा एक वृद्ध संगणकगुरू राहत असत. नोकरीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी गावच्या वाचनालयात आठ जुने संगणक मांडले आणि त्यांवर लिनक्स ही फुकट मिळणारी संगणकप्रणाली घातली. लिनक्स कोणा एकाच्या मालकीचे नसते, त्यामुळे त्याविषयी बोलण्याचा अधिकार सर्वांना असतो आणि तो सर्व जण बजावतात.

गुरुजी थकले, तेव्हा कारभार त्यांच्या शिष्याकडे आला. शिष्य हुशार होता. म्हणजे सुरळीत चाललेली गोष्ट त्याला पाहवत नसे. पहिल्याच महिन्यात त्याने आठही पडद्यांचे रूप पालटले. खालची पट्टी गेली, डाव्या कोपऱ्यातली यादी गेली, पडद्यावर मांडलेली फायलींची चित्रे गेली. उरला तो निळा, स्वच्छ, रिकामा पडदा. जिल्ह्याच्या लिनक्स मंडळाने कळवले, की लोकांचे अभिप्राय अनुकूल असतील तर हेच रूप सगळ्या तालुक्यांत बसवू. शिष्याची झोप उडाली ती आनंदाने.

महिनाभरात त्रेसष्ट अभिप्राय जमले. एकाने लिहिले होते, डोळे निवले. दुसऱ्याने लिहिले होते, जुने होते तेच बरे होते. हे गृहस्थ जुन्या रूपाविषयीही असेच म्हणाले होते. तिसऱ्याने स्वतःचे वेगळे लिनक्स काढण्याची धमकी दिली होती. या पंथात रुसलेला माणूस नवा मठ काढतो, ही रीतच आहे. एकूण पाहता बहुमत शिष्याच्या बाजूने होते.

तो अभिप्रायांचा छापील गठ्ठा घेऊन गुरुजींना वाचनालयात घेऊन आला. गुरुजींनी गठ्ठ्याला हात लावला नाही. ते एकेका संगणकापाशी गेले, कळफलकावरून बोट फिरवू लागले आणि दर वेळी बोट डोळ्यांजवळ नेऊन पाहू लागले. शिष्याला वाटले, वय झाले. चौथ्या संगणकापाशी बोट धुळीने भरले. ते त्यांनी शिष्यापुढे धरले.

"हा अभिप्राय वाचलास का?"

"तिथे हुलावळे आजोबा बसायचे. त्यांनी काहीच लिहिलं नाही, गुरुजी. तक्रार नसेल."

"अभिप्राय लिहायचा कुठे होता?"

"नव्या पडद्यावरच. उजवीकडे वर गेलं की एक..." शिष्य बोलता बोलता थांबला.

हुलावळ्यांनी छापखान्यात चाळीस वर्षे शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवले होते. कोणते अक्षर कोणत्या खणात, हे डोळ्यांपेक्षा त्यांच्या हाताला ठाऊक असे. डोळे अधू झाल्यावर संगणकही ते तसेच चालवत. त्यांचे गाव धरणात गेले होते. त्या गावातल्या माणसांची नावे ते रोज सकाळी थोडी थोडी टंकत. वेशीपासून सुरुवात करून, आळीआळीने, एकही घर न सोडता. ती सगळी नावे आठवणारे आता तेवढे एकच उरले होते.

शिष्याने यादी शोधून छापली. दोनशे बारा नावे होती. दोघे ती घेऊन हुलावळ्यांच्या घरी गेले.

"आजोबा, फाईल गेली नव्हती," शिष्य म्हणाला. "फक्त दिसत नव्हती."

हुलावळ्यांनी कागद डोळ्यांना लावला. "मला वाटलं, माझ्याच हातून पुसली गेली. गावाला एकदा सरकारनं बुडवलं, दुसऱ्यांदा मी. कोणत्या तोंडानं विचारायला येऊ?"

शिष्याने लेखणी काढली आणि पुढची नावे सांगा, मी लिहून घेतो, अशी विनवणी केली. म्हाताऱ्याने डोळे मिटले.

"कुंभारआळीच्या तोंडाशी होतो मी," तो म्हणाला. "महिनाभर तिकडं फिरकलो नाही. आता आत शिरलो, की भलतीकडंच निघतो रे."

परतताना शिष्याने विचारले, की रूप बदलायचेच नव्हते का. गुरुजी म्हणाले, "बदल कोणाला चुकलाय? जे चिडून भांडतात त्यांची काळजी करू नकोस. त्यांना भांडण्यापुरती तरी वाट सापडलेली असते. ज्याची वाटच बुडते, तो स्वतःला अडाणी ठरवतो आणि मुकाट्यानं उठून जातो. त्याचं मत तुझ्या गठ्ठ्यात कधी येणार नाही. ते तूच जाऊन आणायचं." थोडे चालून ते म्हणाले, "मीही तीन वेळा रूप बदललं होतं. तेव्हा मी धूळ पाहिली नव्हती."

शिष्याने मंडळाला त्रेसष्ट अभिप्राय पाठवले आणि चौसष्टावा म्हणून एक कागद जोडला. त्यावर 'संगणक क्रमांक चार' एवढेच लिहिलेले होते, खाली कोरे. आठवड्याने उत्तर आले, की चौसष्टावा अभिप्राय अपूर्ण असल्याने ग्राह्य धरता येत नाही; बहुमत अनुकूल असल्याने नवे रूप सर्व तालुक्यांत लागू करण्यात येत आहे. सोबत अभिनंदनाचे पत्र होते.

ते पत्र शिष्याने कोणाला दाखवले नाही. वाचनालय उघडले, की तो आधी आठही कळफलकांवरून बोट फिरवतो.