मासा-बटाटा आणला कुणी?

ज्यांच्या हातचे बोटे चाटत खायचे, त्यांनाच ‘तुम्ही कुठले?’ म्हणून हिणवायचे! मुलांनो, असे वागणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांना त्याची लाजही वाटत नाही.

समुद्राला लागून असलेल्या एका जंगलात एक पाणमांजर राहत असे. त्याची आजी दूरच्या किनाऱ्यावरून जीव वाचवून आली होती. येताना तिने फक्त एक रीत आणली. आठवड्यातला एक दिवस विसाव्याचा. त्या दिवशी चूल पेटवायची नाही. म्हणून आदल्या संध्याकाळीच मासा पिठात घोळवून तळायचा. तो दुसऱ्या दिवशी गारही झकास लागे. शेजारच्या साळिंदराचे आजोबा डोंगरापलीकडून बटाटे घेऊन आले होते. एका कडक हिवाळ्यात सरपण संपत आले, तेव्हा आजीने आणि आजोबांनी एकच चूल पेटवली. एकाच कढईत मासा तळला आणि बटाट्याच्या लांब फोडीही! तेव्हापासून विसाव्याचा दिवस साऱ्या जंगलाचा झाला आणि सुगीची जत्रा मासा-बटाट्याशिवाय झाली नाही. इंग्लंडातले फिश अँड चिप्ससुद्धा असेच वेगवेगळ्या वाटांनी आलेल्या लोकांमुळे जुळून आले आहे बरे!

यंदा जत्रेआधी कोल्हा पारावर चढला. “मासा-बटाटा आपल्या वाडवडिलांचा! त्याला परक्यांचा हात नको. पाणमांजराने आणि साळिंदराने जंगल सोडावं.”

“आणि कढई इथेच ठेवा!” कावळ्याने री ओढली.

पाणमांजराचा जन्म याच किनाऱ्यावरचा. जायचे तरी कुठे? साळिंदराने काटे फुलवले, पण पाणमांजर शांतपणे म्हणाले, “कोल्हेदादा, परकं तेवढं आम्ही नेतो. तुमचं तुम्हाला लखलाभ.”

जत्रेच्या दिवशी सगळे पाने मांडून बसले. पाणमांजराने पिठाचे भांडे उचलले. साळिंदराने बटाट्यांची टोपली पाठीवर घेतली. कोल्ह्यासमोर उरली गार कढई आणि एक कच्चा मासा.

“उद्या विसाव्याचा दिवस,” पाणमांजर म्हणाले. “तोही आजीने आणलेला. उद्यापासून तुम्ही कामाला लागा.”

“म्हणजे सुट्टीसुद्धा यांचीच?” कावळा किंचाळला.

तेवढ्यात म्हातारी अस्वलीण उठली. “त्या हिवाळ्यात माझी आई यांच्याच चुलीशी बसून जगली. पोटात अन्न गेलं, पण तोंडून आभार निघाले नाहीत. ते आज घे, बाळा.”

पाणमांजराचे डोळे भरून आले. “अस्वलआजी, मासा तर या किनाऱ्याचाच ना! तुम्ही जागा दिलीत, म्हणून आमची चूल पेटली. आमचेही आभार राहिलेच होते.”

कोल्ह्याने शेपूट आवरले आणि पाणमांजर व साळिंदरासाठी दोन पाने स्वतः मांडली, पंगतीत सगळ्यांच्या पुढे. मग कुठे कढई तापली.

तात्पर्य : आपण ज्याला ‘आपले’ म्हणून मिरवतो, ते अनेकांच्या हातांनी आपल्यापर्यंत पोहोचलेले असते, त्या हातांना हाकलू नये, त्यांचे ऋण मानावे. किंवा पंगतीच्या टोकाला बसलेला खेकडा तोंडात घास असतानाच म्हणाला तसे, “‘तुम्ही कुठले’ हे कशाला विचारता? ‘हे आणलं कुणी’ एवढं विचारा, आभार आपोआप तोंडात येतात!”