भिवरेची कात्री

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची, ते कातळवाडीत विचारू नका. ज्याला विचाराल तो आपल्या आजोबांच्या आजोबांचं नाव घेईल आणि वर शपथही वाहील. तेव्हा वाकी नदीवर पूल नव्हता, गावानं मोटार पाहिली नव्हती, आणि चैत्रातल्या जत्रेला दरवर्षी डोंबाऱ्यांचा खेळ यायचा. त्या खेळात भिवरा होती.

भिवरेच्या अंगात हाडं नव्हती, असं म्हणतात. वेळूवर चढणं, दोरावरून चालणं हे तर तिच्या जमातीत सगळ्यांनाच यायचं. गाव गोळा व्हायचं ते तिची कात्री बघायला. एक पाय पुढं, एक मागं टाकून ती सावकाश खाली यायची आणि मांड्या जमिनीला टेकायच्या, ती लांब कात्री. दोन्ही पाय दोन बाजूंना सरळ पसरायचे, ती आडवी कात्री. एका पायावर उभं राहून दुसरा कानाला लावायचा, ती उभी कात्री. आणि ढोलक्यावर थाप पडली की उडी मारून हवेतच पाय उघडायचे, ती उडती कात्री. उडत्या कात्रीच्या वेळी म्हणे ती इतका वेळ वर राहायची, की खाली बसलेले लोक पान लावून, खाऊन, पुन्हा वर बघायचे. यातलं थोडं सोडून द्या. पण थोडंच.

शेवटी अधांतरी कात्री. दोन दगड लांब लांब ठेवायचे, एकावर एक पाय, दुसऱ्यावर दुसरा, आणि मधे खाली काही नाही. ही मात्र भिवरा एक श्वासभरच करायची. तिच्या आईनं तिला बजावलं होतं, "अधांतरीत वजन घिऊ नगं. माणूस तुटतं."

जत्रेआधी डोंबाऱ्यांची पालं नदीकाठी पडत. तिथंच गावच्या पोरी धुणी धुवायला येत. त्या तिला बघायच्या, ती त्यांना बघायची. मग एकीनं कासोटा घालून पाय लांब टाकून पाहिला आणि धप्पकन पडली. भिवरा खूप हसली आणि तिनं त्या पोरीला नीट शिकवलं. मग दुसरीला, मग सगळ्यांनाच. आधी अंग तापवायचं, सांध्यांना एरंडेल चोळायचं, घाई करायची नाही. "ओढ लागली तर भ्यायचं न्हाई, दुखलं की थांबायचं. आन् खाली जाताना श्वास सोडायचा. धरला की अंग दगड हुतं," असं ती सांगायची. पोरी तिला मावशी म्हणू लागल्या. ज्या गावात तिला पाणीसुद्धा वरून ओतून मिळायचं, त्या गावच्या पोरींनी मावशी म्हटलं, याचं भिवरेला इतकं अप्रूप वाटायचं की पालात आल्यावर ती नवऱ्याला, हरबाला, पुन्हा पुन्हा ते सांगायची.

पण अशा गोष्टी गावात लपून राहत नाहीत. केरबा पाटलाची नात सुंद्रा घरच्या सोप्यात लांब कात्री करून बसलेली तिच्या आजीनं पाहिली आणि घरात आकांत झाला. पोरीच्या जातीनं पाय जवळ घेऊन बसावं, अशी तिथली रीत. लग्नं कशी जमणार, लोक काय म्हणतील, असं सगळं झालं. पाटील भिवरेकडे आला.

"यंदाचा खेळ कर, आन् जा. पुन्हा ह्या गावची वाट धरायची न्हाई."

"पोरींचं काय वाईट केलं म्या, पाटील?"

"आमच्या पोरी काय डोंबाऱ्याच्या हायेत व्हय?"

भिवरेला गाव सुटण्याचं दुःख नव्हतं, गावं सोडणं हाच तिचा जन्म होता. पण आपली कात्री लाजेची वस्तू ठरली, आणि त्या पोरी आता तिच्यापायी मार खाणार, हे तिच्या जिवाला लागलं. आईनं दिलेली एवढी एकच ठेव तिच्यापाशी होती.

जत्रेचा दिवस उजाडला. देवीचं ठाणं नदीच्या पात्रात, एका भल्यामोठ्या खडकावर. चैत्रात पलीकडचं पात्र कोरडं असायचं. गावाकडच्या बाजूला मात्र खोल घळ होती, आणि तिच्यावर दोन ओंडक्यांचा साकव. सारं गाव साकवावरून खडकावर आलं. नैवेद्य झाला, खेळ सुरू झाला, आणि वरच्या अंगाला डोंगरात वळीव कोसळला. खडकावर तर ऊन पडलेलं होतं. कुणाला कळलंच नाही.

आधी वास आला, ओल्या पाल्याचा. मग पाणीच आलं. कोरडं पात्र बघता बघता भरलं आणि घळीत लोंढा घुसून साकव काडीसारखा घेऊन गेला. पाणी खडकावर चढू लागलं. हरबा डोंबारीच तो, त्यानं ढोलकं पाठीला बांधून घळीवरून उडी मारली आणि पलीकडे गेला. पण म्हाताऱ्या, पोटुशी बाया, कडेवरची पोरं, यांनी काय करायचं? घळीत पाणी गरगरत होतं. माणसं देवीला हाका मारू लागली.

भिवरा घळीच्या कडेला आली. तिनं एक पाय या काठाला रोवला, दुसरा फेकला तो त्या काठाला. अंतर तिच्या पायांपेक्षा मोठं होतं, असं म्हणतात. तिनं डोळे मिटले, श्वास सोडला, आणि तिचे पाय वाढले. अधांतरी आडवी कात्री झाली. मग ती ओरडली, "चला! मांडीवर पाय द्या, डोक्याला धरा, आन् पलीकडं व्हा!"

कुणी हललं नाही.

पुराची भीती नव्हती असं नाही. पण माणसाच्या अंगाला पाय लावायचा, तोही जत्रेच्या दिवशी, देवीसमोर? चुकून पाय लागला तरी नमस्कार करणारी माणसं ती. रांगेत पहिली होती ठकूआत्या, गावातली सगळ्यात म्हातारी. पाणी घोट्याला लागलेलं, आणि ही बाई खाली वाकून भिवरेच्या मांडीच्या पाया पडायला लागली. पडली ती पडली, कपाळाचं कुंकू काढून मांडीला लावायला लागली. तिच्या मागचाही वाकला. त्याच्या मागचीनं पदर सावरला. पुरात उभं राहून अख्खं गाव नमस्काराची पाळी बघू लागलं!

भिवरेच्या मांड्या थरथरत होत्या. ती कडाडली, "आत्या, पाया नंतर पडा, आधी पाय ठेवा!"

ठकूआत्यानं पाय ठेवला. मांडी हलली नाही. दुसरा ठेवला, आणि ती पार झाली. पलीकडून हरबानं ढोलकं घेतलं आणि ठेका धरला. थापेला पाऊल, थापेला पाऊल, असं गाव पार होऊ लागलं. पोरं गेली, पोरी गेल्या, पोटुशा गेल्या. देवीचा मुखवटा डोक्यावर घेऊन गुरव गेला. देवीसुद्धा डोंबारणीच्या मांडीवरून आली, हे कातळवाडीत आजही छाती फुगवून सांगतात. पाणी भिवरेच्या कमरेला लागलं तरी ती सरळ होती.

शेवटी उरला पाटील. अंगानं भारी, आणि मनानं त्याहून. तो काठावर उभाच राहिला.

"भिवरा, म्या कोणत्या तोंडानं..."

"तोंडाचं काम न्हाई, पाटील. पाय उचला."

पाटलानं जोडे काढले, नदीत टाकले आणि अनवाणी तिच्यावरून गेला. तेव्हा त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, असं म्हणतात.

आता सगळे पार झाले होते आणि भिवरा अडकली होती. पाय दगडासारखे झाले होते. एक सुटला असता तर ती सरळ लोंढ्यात गेली असती. पुरुष धावले, पण निसरड्या काठावर त्यांना उभंच राहता येईना. जो वाके तो घसरे. तेव्हा सुंद्रा पुढं झाली. तिच्यामागून साऱ्या पोरी आल्या. त्यांनी कासोटे घातले आणि काठावर लांब कात्री टाकली, एक पाय पुढं, एक मागं, मांड्या जमिनीला घट्ट चिकटलेल्या. कात्री घातलेलं माणूस घसरत नाही. एकीनं दुसरीची कंबर धरली, आणि सुंद्रानं भिवरेच्या काखेत हात घातले.

"मावशी, श्वास सोड!"

सोप्यात आकांत करणारी सुंद्राची आजी मागं उभी होती. ती सगळ्यांच्या वर ओरडली, "वढा, माझ्या वाघिणींनो, वढा!"

भिवरेनं श्वास सोडला, खडकावरचा पाय सोडला, आणि पोरींनी तिला वर ओढून घेतलं.

त्यानंतर तिनं खेळ केला नाही. तिचे पाय पुन्हा पुरते मिटलेच नाहीत, फेंगडी चालायची, असं म्हणतात. पण ती गाव सोडून गेली नाही, कारण पाटलानंच तिला जाऊ दिलं नाही. नदीकाठी तिचं घर झालं आणि गावच्या लेकी राजरोस तिथं शिकायला जाऊ लागल्या.

घळीच्या दोन्ही काठांवर आजही पावलाएवढे दोन खळगे आहेत. शहरातून एक मास्तर आले होते, म्हणाले की असे खळगे पाण्यानं पडतात. गावानं त्यांना चहा पाजला. दुसरा कप मात्र कुणी विचारला नाही.

आता तिथं सिमेंटचा पूल आहे. जत्रेच्या दिवशी ढोलकं वाजलं की कातळवाडीच्या पोरी, सुना, आणि जमेल त्या आज्यासुद्धा त्या खडकावर आडवी कात्री घालतात. त्या गावात कुठल्याच पोरीला कुणी पाय जवळ घेऊन बस म्हणत नाही. आणि एक गोष्ट. बाकीच्या गावांत लोक नदीला हात जोडतात आणि मग पार होतात. कातळवाडीत आधी पार होतात, मग मागं वळून वाकतात. नवी नवरी पुलाच्या तोंडाशी थबकली, सवयीनं हात जोडू लागली, की वऱ्हाडातली कुणी ना कुणी म्हातारी मागून ओरडतेच, "पाया नंतर पड गं बाई, आधी पाय ठेव!"