दुखण्याचं बारसं

केवडाची सुपारी फुटायच्या बेतात होती आणि नेमकी तेव्हाच टेकडीवरून हाक आली, "सोनवडीची केवडा कासार! अंथरूण ओलं करते होऽऽ!"

झालं! विहीणबाईंच्या हातातला लाडू परत ताटात गेला. नवऱ्या मुलाने आधी केवडाकडे पाहिलं, मग ती बसली होती त्या सतरंजीकडे. केवडाची आत्या येसू घसा फोडून सांगत होती की अहो, ते ती तीन वर्षांची होती तेव्हाचं! पण ऐकतोय कोण? निंबगावची मंडळी 'कळवतो' म्हणून उठली, आणि 'कळवतो' म्हणजे काय ते तुम्हाआम्हाला कळतंच.

ही हाकेची टूम राजा रणधवलाच्या जावयाची. जावई शिकलेला वैद्य. त्याने राजधानीत एक दुखणेघर काढलं आणि राज्यातल्या प्रत्येकाची दुखणी जन्मापासून तिथे लिहून ठेवली. कुठेही कोणी आजारी पडलं की तिथल्या वैद्याने विचारणा करायची, आणि टेकडीटेकडीवर बसवलेल्या हाकाऱ्यांनी एकाकडून दुसऱ्याकडे ओरडत उत्तर पोचवायचं. सोय मोठी होती, खोटं कशाला बोला! एका वाटसरूला बिब्बा चालत नाही हे वेळेवर कळलं, म्हणून तो वाचला. पण केवडाला झाला होता साधा खोकला. वैद्याने खोकल्याचं विचारलं आणि दुखणेघराने तिचं सगळं पान ओरडून मोकळं केलं. त्यातलं 'तिसऱ्या वर्षी' तेवढं वाटेत कुठल्यातरी टेकडीवर सांडलं.

केवडाला मुलगा मनापासून आवडला होता. ती दार लावून रडत बसली. येसूने बांगड्यांचं गाठोडं खाली ठेवलं आणि तडक दरबार गाठला.

तिने सगळी हकिगत सांगितली. राजाने कपाळाला आठ्या घातल्या. "ज्याच्या मनात पाप नाही त्याने लपवायचं कशाला? दुखणं म्हणजे काय चोरी आहे?"

"मी हे लुगडं नेसलेय महाराज," येसू म्हणाली, "ते काय आत चोरीचा माल आहे म्हणून?"

दरबार खाली मान घालून हसला. राजाला ते झोंबलं. त्यात जावयाने तेल ओतलं, की बांगड्या भरणाऱ्या बायका आता राज्यकारभार शिकवणार वाटतं! मग काय विचारता. राजाने फर्मान सोडलं की हाक जशी जाते तशीच जाईल, साऱ्या मुलखाला ऐकू जाईल, वैद्याला नीट कळेल, पण दुखणं कोणाचं ते दुसऱ्या कोणाला कळता कामा नये. हे करून दाखव, नाहीतर तुझ्या भाचीचं पान सकाळ-संध्याकाळ हाकारलं जाईल, म्हातारी होईपर्यंत.

येसूने कमरेवर हात ठेवले. "त्यात काय एवढं? बारसं करायचं."

"कोणाचं?"

"दुखण्याचं. बारशाला आत्या बाळाच्या कानात कुर्र करून नाव सांगते. तिथवर सगळं ठीक असतं. मग ते नाव मोठ्याने सांगतात आणि जन्माचा घोटाळा होतो. आता दुसरं बारसं करू. ज्याने त्याने आपल्या मनाने एक नाव घ्यायचं. दुखणेघरात आपलं पान आपल्या हातात घ्यायचं, खऱ्या नावावर काट मारायची आणि तिथे ते नवं नाव लिहायचं. आजारी पडलं की आपल्या वैद्याच्या कानात तेवढं कुर्र! मग हाकारे ओरडेनात का घसा फाटेस्तोवर."

जावई म्हणाला, पोरखेळ आहे. राजा म्हणाला, परीक्षा मी स्वतः घेतो. तो एकटाच दुखणेघरात गेला, एका कोऱ्या पानावर काहीबाही लिहिलं, दूरच्या कुणा वैद्याचा सल्ला मागणारी चिठ्ठी ठेवली आणि गंभीर चेहऱ्याने परत आला.

दुसऱ्या दिवशी दरबार भरला असताना टेकडीवरून उत्तर आलं, "ढब्बू भोपळ्याला मूळव्याध! मिरची बंद! सुरण खा, ताक प्या, मऊ गादीवर बसा होऽऽ!"

दरबारात हशा पिकला. सगळ्यात जास्त हसला जावई. डोळे पुसत म्हणाला, "असला कोण हो हा ढब्बू भोपळा?" सेनापतीने प्रधानाकडे बोट दाखवलं, प्रधानाने खजिनदाराकडे, आणि खजिनदार शपथा घेऊ लागला.

आता गंमत बघा. राजा महिनाभर सिंहासनाला टेकला नव्हता. उभ्यानेच न्याय करायचा. आम्हा प्रजेला वाटायचं, काय हा कामसू राजा! पण अवघड जागी दुखणं आणि जावई वैद्य. बिचारा सांगणार कोणाला?

येसू पुढे झाली. राजाच्या कानाशी वाकून तिने 'कुर्र' केलं आणि हळूच म्हणाली, "मिरची आजपासूनच सोडा."

राजा आधी लाल झाला, मग गदागदा हसला. त्याने तिथेच हुकूम दिला की सगळ्या राज्याचं बारसं करा, आणि आधी केवडाचं पान तिच्या हातात द्या. मग येसूला म्हणाला, "माग काय हवं ते! निंबगावची मंडळी दोरीने बांधून आणू?"

"दोरी कशाला? नुसता निरोप धाडा, की पानं बदलायचं काम सुरू झालंय, पण नवरदेवाचं आणि विहीणबाईंचं पान अजून जुन्याच नावाने आहे. आणि हाकारे रिकामे बसलेत."

राजा इतका हसला की हसता हसता सिंहासनावर बसला, आणि बसला तसा ताडकन उठला. येसूला त्याने सोन्याच्या पाटल्या दिल्या. आणि निरोप घेऊन गेलेला घोडेस्वार अजून परतला नव्हता, तोच निंबगावच्या मंडळींच्या बैलगाड्या धुरळा उडवत सोनवडीत शिरल्या. पुढच्या गाडीत विहीणबाई स्वतः होत्या, मांडीवर लाडवांचा डबा घेऊन.