पाणपोईवरची अंघोळ

एकदा एक वृद्ध वैद्य आपल्या शिष्याला बरोबर घेऊन परगावच्या वैद्यसंमेलनाला निघाले. गोष्ट पुराणातली नाही, अगदी अलीकडची आहे; कारण शिष्याच्या खिशात फोन होता, आणि पुढचा सगळा घोटाळा त्या फोनापायीच झाला.

वैद्यबुवांची एक रीत साऱ्या पंचक्रोशीला ठाऊक होती. रोगी आला की ते आधी सोबतच्या माणसांना ओसरीवर पाठवत, पडदा ओढत आणि मगच नाडीला हात लावत. शिवाय बाजारात किंवा लग्नात रोगी समोर आला, तर ‘आता बरं आहे ना?’ असं त्याला कधीही विचारत नसत. नवख्या माणसाला बुवा शिष्ट वाटत. पण रोगी वैद्याकडे गेला होता, एवढीसुद्धा गोष्ट चारचौघांत उघडी पडू नये यासाठी ते मौन आहे, हे जाणत्यांना कळत असे.

शिष्याचं नाव सारंग. हुशार, कामसू आणि थोडा उतावळा. बुवांचे डोळे बारीक अक्षराला दाद देईनासे झाले, तेव्हा त्याने सगळा दवाखाना फोनवर आणला. कोणाला काय होतंय, कोणतं औषध चालू आहे, हे सारं पासवर्ड घातला की समोर हजर. बुवांना याचं कौतुकच होतं.

तालुक्याच्या बसस्थानकावर गाडी बदलायची होती आणि दुसऱ्या गाडीला अवकाश होता. बाकावर टेकतात न टेकतात तोच सारंगचा फोन वाजला. पलीकडे शेजारगावच्या तालमीचे वस्ताद होते. ज्यांच्या नुसत्या खाकरण्याने पोरं सरळ उभी राहत, ते वस्ताद रात्री झोपेतून घाबरून उठत आणि दिवा लावून बसत. ही गोष्ट बुवा आणि सारंग सोडून कोणालाच माहीत नव्हती.

“सारंगराव,” वस्ताद दबक्या आवाजात म्हणाले, “पोरांना घिऊन जत्रंच्या मैदानाला निघालोय. तुमच्या चूर्णाची पुडी संगं हाय, पर किती घ्यायचं त्येच इसरलो बघा.”

“आत्ता बघून कळवतो,” म्हणत सारंगने फोन उघडला. पाहतो तर दिवसभराचं इंटरनेट सकाळीच संपलेलं. येताना बसमध्ये क्रिकेटचा सामना पाहण्यात ते खर्ची पडलं होतं. त्याने इकडेतिकडे शोध घेतला, तर स्थानकाच्याच नावाचं फुकट वायफाय दिसलं. त्याचा चेहरा फुलला.

“काय सापडलं रे?” बुवांनी विचारलं.

“फुकटचं इंटरनेट, गुरुजी. कोणीही यावं आणि वापरावं.”

“म्हणजे त्या पाणपोईसारखं?”

“अगदी तसंच.”

बुवांनी पाणपोईकडे पाहिलं. कडुनिंबाखाली ओलं फडकं गुंडाळलेले रांजण होते आणि शेजारी तांब्या घेऊन एक मावशी बसल्या होत्या. मग त्यांनी सारंगकडे पाहिलं. त्या वायफायने आधी नाव विचारलं, मग फोन नंबर, मग जन्मतारीख, आणि आपला शिष्य सगळं पुटपुटत आज्ञाधारकपणे लिहीत होता. शेवटी त्याने दवाखाना उघडला, मोठ्या अक्षरांत त्याचं नाव झळकलं आणि पासवर्डची रिकामी चौकट समोर आली. बुवांनी पिशवीतून पंचा काढला, सदरा उतरवून बाकावर ठेवला, धोतर वर खोचलं आणि सरळ पाणपोईपाशी जाऊन उभे राहिले.

“मावशी, जरा तांब्या भरून देता? अंघोळ उरकून घेतो.”

मावशींचा हात हवेतच राहिला. “आजोबा, बरं हाय न्हवं? ही पानपोई हाय. हितं आंगूळ करत्यात व्हय?”

“का बरं? पाणी स्वच्छ आहे, गार आहे, फुकट आहे.”

“पर समदं ष्टँड बघतंय की.”

खरोखरच बघत होतं. एक कंडक्टर तोंडात शिट्टी धरून तसाच थांबला होता आणि कॉलेजच्या मुली ओढणीआड हसत होत्या. सारंगने मान वर केली. ज्यांच्यापुढे गाव वाकतं ते आपले गुरू उघड्या अंगाने तांब्या मागत उभे आहेत, हे पाहताच फोन खिशात कोंबून तो धावला.

“गुरुजी, हे काय करताय? चला, आधी सदरा घाला.”

“अंघोळ तर रोजचीच आहे, सारंगा.”

“रोजची, पण घरी. दार लावून.”

“असं होय?” बुवांच्या मिशीत हसू फुटलं. “मग आत्ता तू वस्तादांना कुठे उघडं करत होतास?”

सारंगचा हात खिशातल्या फोनवर गेला. बुवांनी सावकाश सदरा चढवला, मावशींच्या हातून तांब्याभर पाणी घेतलं आणि तृप्त होऊन प्यायले.

“पाणपोई चांगलीच आहे, बाळ,” ते म्हणाले. “वाटसरूने पाणी प्यावं आणि दुवा देऊन पुढे जावं. फुकटच्या इंटरनेटवर गाडीची वेळ बघ, तुझा सामना बघ, कोण नको म्हणतं? पण जे काम आपण घरी पडदा ओढून करतो, ते वाटेवर उघड्यात करू नये. मला पाहणारे निदान दिसत तरी होते. तुला पाहणारा तुला दिसला असता का? आणि या मावशी स्वतः रांजण भरतात, हे मी कित्येक वर्षं पाहतो आहे. तुझा रांजण कोणी भरला, ते विचारलंस का?”

सारंग चौकशीच्या खिडकीपाशी गेला. आतले गृहस्थ बशीतला चहा फुंकत होते.

“वायफाय? ते दिवाळीपासून बंद आहे,” ते म्हणाले. “यंत्रच काढून नेलं दुरुस्तीला.”

सारंगने फोन पाहिला. स्थानकाचं नाव लावलेलं ते वायफाय अजून तिथेच होतं. म्हणजे लोक जे लिहितील ते टिपायला जवळपास बसून कोणीतरी ते चालवत होतं. त्याने भोवती नजर फिरवली. कोणी केळं सोलत होतं, कोणी पेपर वाचत होतं, सगळे साधेच दिसत होते. वस्तादांचा दबका आवाज त्याला आठवला. पण पासवर्ड अजून लिहिला गेला नव्हता. सुटकेचा त्याला इतका आनंद झाला की भर स्थानकात त्याने बुवांचे पाय धरले.

“माझा नंबर आणि जन्मतारीख मात्र गेली, गुरुजी.”

“म्हणजे सदरा उतरला, धोतर वाचलं,” बुवा म्हणाले, आणि मावशींसकट सगळे हसले. “ऊठ. आधी वस्तादांना औषध सांग.”

सारंगने ते वायफाय तोडलं, शेजारच्या दुकानातून रिचार्ज मारला आणि स्वतःच्या इंटरनेटवर पाहून वस्तादांना चूर्णाचं प्रमाण कळवलं.

“आणखी एक सांग,” बुवा म्हणाले. “परगावी जाताना मी औषधांचा बटवा घेतो की अख्खं कपाट?”

“बटवा.”

“मग तू सगळ्या रोग्यांचं कपाट फोनात घेऊन का हिंडतोस?”

“पुढच्या खेपेपासून बटवाच, गुरुजी, लागेल तेवढंच,” सारंग हसत म्हणाला. “आणि कपाटाला आज पासवर्डाखेरीज दुसरं कुलूपही लावतो.”

गाडी आली. पुढच्या थांब्यावर तालमीच्या पोरांचा घोळका चढला आणि मागून वस्ताद. एरवी सारंगने लांबूनच हाक मारली असती, ‘वस्ताद, झोप कशी लागते आता?’ ते शब्द ओठांपर्यंत आलेही. वस्तादांनी त्याला पाहिलं, आणि त्यांचे खांदे ताठ झाले.

सारंग सरकला. “बसा वस्ताद. यंदा मैदान कोण मारणार?”

वस्तादांनी रोखलेला श्वास सोडला. शेजारी बसून ते आपल्या एकेका पठ्ठ्याचे डाव रंगवून सांगू लागले. सांगता सांगता आवाज मंदावला, मान कलली, आणि सारंगच्या खांद्यावर डोकं टेकून वस्ताद भरदिवसा घोरू लागले. पोरं तोंडं दाबून हसली. सारंगने जत्रेचं गाव येईपर्यंत खांदा हलू दिला नाही, आणि खिडकीशी बसलेले बुवा स्वतःशीच गुणगुणत राहिले.

प्रवासात फोन उघडताना आपणही एवढं ध्यानात ठेवावं, की आपल्या खांद्यावर कोणीतरी निर्धास्त झोपलेलं असतं.